धुराची वाट : दिल्लीच्या हिवाळ्याचा एक लहानसा इतिहास

१९३५ सालच्या जानेवारीत आलेल्या थंडीच्या लाटेने दोन शहरांच्या नोंदवह्यांत आपली खूण ठेविली आहे. १६ तारखेस दिल्लीत पारा शून्याखाली ०.६ अंशांवर उतरला आणि दुसऱ्याच दिवशी पुण्यात तो १.७ अंशांवर आला. पुण्याच्या दृष्टीने ते एक नवल होते. दिल्लीत मात्र जानेवारीच्या कित्येक रात्री चार-पाच अंशांवर जातात आणि त्याचे कोणाला फारसे नवलही वाटत नाही. बदलीच्या हुकुमाने येथे आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात जो प्रश्न पडतो तो म्हणूनच अगदी साधा असतो : घर ऊबदार कसे ठेवावे, आणि तेही खिशाला झेपेल अशा रीतीने?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेत सापडत नाही. आपल्याकडे चूल असते ती रांधण्यासाठी, बंब असतो तो न्हाणीसाठी आणि शेकोटी पेटते ती अंगणात. घरात निखारे येत ते बाळंतिणीच्या बाजेखाली, चार दिवसांच्या शेकापुरते. अमरकोशाने शेगडीला अंगारधानिका, अंगारशकटी आणि हसन्ती अशी नावे दिली आहेत. त्यांतील 'हसन्ती', म्हणजे हसणारी, हे नाव मोठे गोड आहे. परंतु सबंध खोली तापवावयाची विद्या आपल्या पूर्वजांना अवगत नव्हती, कारण तिची गरजच त्यांना पडली नव्हती.

ती गरज प्रथम पडली तेव्हा तिने आपली फार मोठी किंमत वसूल केली. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आणि त्याच वर्षीचा हिवाळा मराठी फौजेने पानिपतच्या मैदानात काढला. रसद तुटली होती. वैरणीसाठी आणि सरपणासाठी छावणीबाहेर पडणे म्हणजे प्राण पणाला लावणे होते. दक्षिणेच्या हवेला सरावलेली ती माणसे आणि त्यांच्याबरोबर आलेली बायकामुले पौषातल्या त्या रात्री उघड्यावर कुडकुडत होती. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांत थंडीला पहिले स्थान देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तरीही उपाशी पोटाला सरपणाचा तुटवडा किती जाचतो हे उत्तरेत एक हिवाळा काढलेल्या वाचकास सांगावयास नको.

खुद्द दिल्लीकरांनी आपली व्यवस्था कधीच करून ठेविली होती, पण ती पायरीपायरीने. लाल किल्ल्यातील हमामखान्यात लाकडाच्या आचेवर पाणी तापत असे. गल्लीतल्या माणसाकडे अंगीठी असे. ही अंगीठी आणि आपली आगटी या दोघीही अग्नीच्याच लेकी. जुनी बादली किंवा पत्र्याचा डबा घ्यावयाचा, त्यात आतून माती लिंपावयाची, मध्ये लोखंडी जाळी बसवावयाची आणि खालून वाऱ्यासाठी एक तोंड ठेवावयाचे. टालावरून लाकूड किंवा दगडी कोळसा आणावयाचा, ती अंगणात पेटवावयाची आणि धूर निवला की उचलून आत न्यावयाची. याहून स्वस्त साधन निघणे कठीण.

इंग्रजांनी दुसरी पायरी बांधली. १९११ च्या दरबारात राजधानी हलविण्याची घोषणा झाली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. परंतु ही राजधानी मुळात हिवाळ्याची राजधानी होती. १८६४ पासून सरकार उन्हाळ्यात सिमल्यास जात असे आणि ही प्रथा दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत टिकली. साहेबाने दिल्ली अनुभविली ती मुख्यतः थंडीतली. म्हणूनच त्याच्या बंगल्यांत जाड भिंतींबरोबर भिंतीतली फायरप्लेस आणि छपरावरचे धुराडेही आले. आज त्यांतील बहुतेक शोभेपुरती उरली आहेत. चिमणी बुजलेली आणि वरच्या कट्ट्यावर तसबिरी मांडलेल्या. परंतु त्या काळी त्यांनी एक भेद पक्का करून ठेविला : ज्याचा हुद्दा मोठा त्याच्या घरात धुराला बाहेर जावयास वाट, ज्याचा लहान त्याच्या घरात अंगीठी.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात काकासाहेब गाडगीळांकडे बांधकाम, खाणी व वीज ही खाती आली. घर, कोळसा आणि वीज या तिन्ही गोष्टी एका मराठी माणसाच्या टेबलावर एकत्र आल्या, हा योगायोग आम्हांस नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे. फाळणीने निर्वासितांचे लोंढे राजधानीत आणिले होते आणि डोक्यावर छप्पर हीच पहिली निकड होती. पुढे विनयनगर, म्हणजे नंतरचे सरोजिनीनगर, यासारख्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथील लहान बिऱ्हाडांना साहेबी धुराडे परवडणारे नव्हते. तेथे अंगीठीच नांदली. संध्याकाळी दारोदार पेटलेल्या अंगीठ्यांचा धूर रस्त्यावर उतरे आणि पुढे गॅस आला तेव्हा कोठे तो हटला.

या दोन पायऱ्यांच्या मध्ये तिसरी एक वस्तू आहे. सिमला, श्रीनगर किंवा लेह येथे बदली झालेल्या वाचकांना ती परिचित असेल. ती म्हणजे बुखारी. हा शब्द फारसीतून आला असून त्याच्या मुळाशी 'बुखार' म्हणजे वाफ आहे. हिंदीत तापाला बुखार म्हणतात तोही त्याच घरचा. पत्र्याचा किंवा बिडाचा बंद डबा, लाकूड घालावयास दार, हवा कमीजास्त करावयास झडप आणि धूर छपराबाहेर नेणारा नळ, एवढाच तिचा संसार. पश्चिमेत बेंजामिन फ्रँक्लिनने १७४२ च्या सुमारास लोखंडी शेगडी बनविली ती सरपण महाग होत चालले म्हणूनच. आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत सिद्ध झालेल्या मगन चुलीमागेही हाच विचार होता : आच आत राहावी, धूर बाहेर जावा.

खर्चाचा हिशेब येथेच उलगडतो. एक किलो सुक्या लाकडात साधारणपणे चार युनिट विजेइतकी उष्णता असते. उघड्या फायरप्लेसमध्ये तिच्यातील दहापंधरा टक्केच खोलीस मिळते. बाकीची धुराड्यातून आकाशात जाते. चांगल्या बंद बुखारीत निम्म्याहून अधिक हाती लागते. म्हणजे तेच लाकूड एका ठिकाणी हजार वॅटच्या हीटरचे जेमतेम अर्ध्या तासाचे काम करील आणि दुसऱ्या ठिकाणी दोन तासांचे. म्हणून डोंगरी मुलखात बुखारी घ्यावयाची तर पत्र्याची जाडी, दाराचा घट्टपणा आणि झडप पाहून घ्यावी, नळ शक्य तितका सरळ वर न्यावा, खोलीच्या मानाने फार मोठी घेऊ नये आणि लाकूड वर्षभर वाळलेले असावे. ओल्या लाकडाच्या आचेचा काही भाग त्याचेच पाणी आटविण्यात खर्ची पडतो.

अंगीठीत तर सगळी उष्णता खोलीतच राहते, मग तीच सर्वांत किफायतशीर नव्हे काय? हिशेब असा दिसतो खरा, पण त्यात एक रकमेची नोंदच नसते. धूर निवलेले लाल निखारे निरुपद्रवी वाटतात. त्याच वेळी त्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने धरून ठेवितो. झोपलेला माणूस जागा होत नाही. १४ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत दोन ठिकाणी, बंद खोलीत अंगीठी ठेवून निजलेली सहा माणसे मृत आढळली. त्यांत मुलेही होती. अशा बातम्या जवळजवळ दर हिवाळ्यास येतात. पानिपतच्या काळी ज्याचे कारण ठाऊक नव्हते ते आज शाळकरी पुस्तकात आहे, तरीही माणसे मरतात. कारण बाहेर चार अंश थंडी असताना दार किलकिले ठेवणे कोणालाच सुचत नाही. अंगीठी स्वस्त, कारण तिला नळ नाही. आणि ती प्राण घेते तीही नळ नाही म्हणूनच.

आता दिल्ली व तिच्या भोवतीच्या शहरांत तर बुखारीलाही जागा उरलेली नाही. धूर छपराबाहेर गेला तरी या शहराबाहेर जात नाही. हिवाळ्यात वारा मंदावतो, थंड हवा जमिनीलगत साचते आणि एका घराचा धूर शेजारच्या घरात उतरतो. आमच्या मते येथील रहिवाशाने लाकडाचा मोह सोडावा, खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, दुपारचे ऊन आत घ्यावे, दुलई भरपूर घ्यावी आणि विजेचा हीटर बसावयाच्या एकाच खोलीत लावावा.

परंतु वसाहतीच्या फाटकाशी रात्रभर बसणारा चौकीदार काय करील? तो काटक्या गोळा करून पेटवितो आणि पहाट गारठली की तीच आग उचलून केबिनमध्ये नेतो व दार लावून घेतो. हवेचे प्रदूषण वाढल्यावर राजधानी परिसरात टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या नियमांत वसाहतींच्या संघांना स्पष्ट सांगितले आहे, की पहारेकरी, सफाई कामगार व माळी यांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे उघड्यावर जाळण्याची पाळी येणार नाही. हा नियम हवेसाठी केलेला आहे; आमच्या दृष्टीने त्याचे मोल माणसासाठी अधिक आहे. साहेबाच्या बंगल्यात धुराडे आणि शिपायाच्या खोलीत अंगीठी हा जो भेद १९३१ च्या दिल्लीने मांडला, तो मोडण्याचे काम आज एका हीटरच्या किमतीत होण्यासारखे आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण अशा संघांवर पदाधिकारी आहेत. दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि फाटकावरच्या केबिनमध्ये विजेचा खटका आहे की नाही हे त्याआधी एकदा स्वतः जाऊन पाहून यावे.