पुलगाव ४४२३०२ : पत्ते वाटून घेण्याची गोष्ट

वर्धा नदीजवळचे, एके काळच्या कापड गिरणीचे आणि लष्कराच्या दारूगोळा भांडाराचे पुलगाव आपल्याला ठाऊक असते. पण छत्तीसगडमधील दुर्ग शहरातही एक पुलगाव आहे, शिवनाथ नदीच्या बाजूला. गंमत म्हणजे वर्ध्याचे पुलगाव आणि दुर्ग ही दोन्ही ठिकाणे मुंबई-हावडा या एकाच लोहमार्गावर आहेत. पूर्वी रेल्वेच्या टपालडब्यात चालत्या गाडीत पत्रांची विभागणी होत असे. पाकिटावर नुसते ‘पुलगाव’ लिहिलेले असेल, तर त्या कर्मचाऱ्याने ते कोणत्या खणात टाकायचे?

शिवाय पत्ता कोणत्या लिपीत आणि कशा अक्षरात असेल, याचा नेम नसे. या अडचणीवर १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोडचा उपाय आला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी होते. ते संस्कृतचे कवी आणि नाटककार. शब्दांत रमणाऱ्या माणसाने शब्दांच्या गोंधळावरचा उपाय आकड्यांत शोधावा, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता ४४२३०२ हा आकडा डावीकडून वाचू. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग. ४४ म्हटले की आपण विदर्भात आलो. नागपूर ४४०, अमरावती ४४४, यवतमाळ ४४५ आणि वर्ध्याकडचा गट ४४२. शेवटचे तीन आकडे वाटपाच्या टपाल कार्यालयाचे. हिंगणघाट ४४२३०१, पुलगाव ४४२३०२. दुर्गचा पिन ४९१ ने सुरू होतो. म्हणजे दोन पुलगावांची फारकत दुसऱ्याच आकड्यावर होते.

यातील खरी खुबी लक्षात घ्यावी. कोलकात्याच्या कर्मचाऱ्याला पुलगाव कोठे आहे हे माहीत असण्याची गरजच उरली नाही. त्याने पहिले एकदोन आकडे पाहायचे आणि थैली पुढे पाठवायची. जसजसे पत्र गावाजवळ येईल, तसतसे उजवीकडचे आकडे उपयोगाला येतात. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि पिन मात्र एकोणीस हजारांच्या आसपास. म्हणजे सरासरीने सातआठ कार्यालये एकच पिन वाटून घेतात. त्यांतील नेमके कोणते, हे स्थानिक माणूस ठरवतो. (वर्गात जुनी पाकिटे जमवून, गावाचे नाव झाकून, केवळ आकड्यांवरून गठ्ठे करून पाहावेत.)

संगणकांच्या जाळ्यालाही हेच शिकावे लागले, पण जरा उशिराने. १९८१ साली ठरलेल्या नियमांनुसार प्रत्येक संगणकाचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. ते तीन ठरीव मापांत वाटले जात : २५६, ६५,५३६ किंवा सुमारे १ कोटी ६८ लाख. एखाद्या संस्थेकडे हजार संगणक असले तर लहान माप अपुरे पडे. मधले घेतले तर चौसष्ट हजारांवर पत्ते वाया जात. चार लहान मापे घेतली तर जगभरच्या मार्गदर्शक यंत्रांना एका संस्थेसाठी चार नोंदी ठेवाव्या लागत. १९९३ मध्ये ही मापे मोडीत निघाली. लागोपाठची चार लहान मापे जोडून १,०२४ पत्त्यांचा एक गट करावा आणि दूरच्या यंत्राने त्याची एकच नोंद ठेवावी, असे ठरले. पुढच्याच वर्षी पत्ते वाटून घेण्याची युक्ती मांडली गेली. तिच्या विस्तारित रूपात घरातील सगळे संगणक बाहेर एकाच पत्त्याने वावरतात, जणू ‘द्वारा अमुक’. आलेले उत्तर आत कोणाला द्यायचे, याची यादी दारावरचे यंत्र ठेवते.

अनेक संगणकांना जाळ्यातून माहिती पुरवणाऱ्या साठवण-यंत्रांत तर हा विचार अधिक स्पष्ट दिसतो. ‘फायबर चॅनेल’ पद्धतीत पत्ता २४ बिटांचा असतो. पहिले आठ बिट कोणत्या स्विचकडे जायचे ते सांगतात, उरलेले सोळा त्याच्या आतली जागा. पिनचीच ही पद्धत. पण प्रत्येक उपकरणाला याखेरीज ६४ बिटांचे कायमचे नावही असते, कारण तार दुसऱ्या ठिकाणी लावली की पत्ता बदलतो. २००४ साली प्रमाणित झालेल्या ‘आयस्कझी’ पद्धतीत साठवणीचे एकच नाव आणि तिच्यापर्यंत जाणारी अनेक दारे असू शकतात. प्रत्येक दाराला जाळ्यातला वेगळा पत्ता. या दारांचे गट पाडतात. एका गटातील दारांना एकमेकांकडे चाललेले काम ठाऊक असते, त्यामुळे एकच काम त्या दारांवर वाटून देता येते. दुसऱ्या गटाच्या दाराशी जायचे तर नव्याने ओळख सांगावी लागते.

नाव आणि ठिकाण वेगळे ठेवण्याची ही रीत लष्करी टपालात जुनीच आहे. जवानाला घरून पत्र जाते ते त्याच्या तुकडीच्या नावाने, ‘द्वारा ५६ एपीओ’. असंख्य तुकड्या हा एकच पत्ता वाटून घेतात. लष्करी टपालाच्या पिनचा पहिला आकडाही वेगळा, ९. ‘५६ एपीओ’च्याच क्षेत्रात तुकडी एका ठिकाणाहून दुसरीकडे हलली, तरी पुलगावच्या आईला पाकिटावर काही बदलावे लागत नाही.