रोधमापन, ग्राफिक्स कार्डाच्या फेरफारातील

ग्राफिक्स कार्डाच्या सर्किट बोर्डावर बदल करण्याआधी आणि केल्यानंतर मल्टिमीटरने रोध मोजण्याची रीत. कारखान्याने घातलेली व्होल्टेजची किंवा विजेची मर्यादा ओलांडण्यासाठी केलेल्या अशा बदलांना हौशी मंडळी नुसते ‘मॉड’ म्हणतात. सोल्डरिंग आयर्न तापण्याआधी मीटर हाती घ्यावा लागतो, कारण कार्डात काय बदलायचे आणि किती, हे ओहमचे आकडेच सांगतात.

पूर्वपीठिका : गेऑर्ग ओम यांचा नियम १८२७चा. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा ‘ॲव्होमीटर’ ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकेडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये बाजारात आला. महाराष्ट्रात नाशिकची ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी मल्टिमीटर बनवते.

मोजण्याची रीत : ओहमच्या रेंजवर मीटर स्वतःच बारीकसा प्रवाह सोडतो आणि त्यातून पडणाऱ्या व्होल्टेजवरून रोध काढतो. म्हणून कार्ड संगणकातून काढलेले आणि त्यातील कपॅसिटर रिकामे झालेले हवेत. प्रोब टेकवल्यावर आकडा हळूहळू चढत असेल, तर कपॅसिटर भरतो आहे असे समजून थांबावे. प्रोबची अदलाबदल करून आकडा बदलला, तर वाटेत एखादी चिप किंवा डायोड आहे. बोर्डावर बसवलेला रेझिस्टर एकटा कधीच मोजला जात नाही. त्याला समांतर असलेल्या वाटांमुळे आकडा मूळ किमतीइतका किंवा त्याहून कमी येतो. तो जास्त आला आणि चढायचाही थांबला असेल, तर रेझिस्टर बिघडला असण्याची शक्यता मोठी.

नवख्याला पहिला धक्का बसतो तो मुख्य चिपच्या व्होल्टेज-वाहिनीवर. तिथे प्रोब लावताच मीटरचा बीप वाजतो आणि कार्ड शॉर्ट झाल्यासारखे वाटते. मोठ्या चिपांमध्ये हा रोध मुळातच ओहमभर किंवा त्याहूनही कमी असतो, त्यामुळे निर्णय बीपवर सोडू नये. दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून येणारे ०.२–०.३ ओहम आधी वजा करावेत. मेमरीच्या वाहिनीचा रोध सहसा याहून बराच जास्त भरतो.

व्होल्ट मॉड : व्होल्टेज नियंत्रक चिप आपल्या फीडबॅक पिनवरचे व्होल्टेज स्थिर राखते. पिन ते ग्राउंड हा रोध घटवला की चिप मुख्य व्होल्टेज वर ढकलते. समजा पिनवर राखायचे संदर्भ-व्होल्टेज ०.६ आणि वरचा (मुख्य व्होल्टेज ते पिन) व खालचा (पिन ते ग्राउंड) रेझिस्टर प्रत्येकी १ किलोओहम. मग बाहेर १.२ व्होल्ट मिळतात. खालच्याला २० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडला, तर तो ९५२ ओहम होतो आणि व्होल्टेज १.२३ वर जाते. हाच रेझिस्टर १० किलोओहमचा असता, तर १.२६. म्हणून आधी पिन ते ग्राउंड रोध मोजायचा आणि त्याच्या दहा-वीस पट किमतीचा, बारीक फिरणारा ट्रिमर (स्क्रूने बदलता येणारा रेझिस्टर) घ्यायचा, असा ढोबळ ठोकताळा आहे. ट्रिमर जोडण्याआधी पूर्ण रोधावर आहे ना, हे मीटरवरच पाहावे. स्क्रू कोणत्या दिशेने फिरवल्यावर रोध घटतो, हेही तेव्हाच पाहून बोर्डावर खूण करावी. चालू कार्डावर ती दिशा शोधणे महागात पडते.

पेन्सिल मॉड हा याचाच गरिबाघरचा अवतार. रेझिस्टरवर मऊ शिसपेन्सिल घासली की ग्रॅफाइटची समांतर वाट तयार होते. २००७च्या ८८०० जीटी कार्डावर ही युक्ती बरीच चालली. दोन-चार रेघा मारायच्या, मोजायचे, आकडा फार उतरला तर स्पिरिटने पुसायचे.

शंट मॉड : कार्ड किती वीज खाते हे ज्या रेझिस्टरवरून कळते, तो शंट. त्याची किंमत बहुधा ५ मिलिओहम असते आणि त्यावर ‘आर००५’ असे छापलेले असते. त्यावर ५ मिलिओहमचा दुसरा चढवला की रोध २.५ होतो आणि कार्डाला खरी वीज निम्मीच दिसते. ३५० वॅट मर्यादेच्या आरटीएक्स ३०९० वर ही सूट ७०० वॅटपर्यंत जाईल, म्हणून जपून चालणारे १५ मिलिओहमचा शंट चढवतात. त्याने एकूण ३.७५ मिलिओहम होतात आणि मर्यादा सुमारे ४६७ वॅट. यानंतर सॉफ्टवेअरमधला वॅटचा आकडा जसाच्या तसा मानू नये.

इथे साधा मीटर निरुपयोगी ठरतो. ०.१ ओहमची पायरी असलेल्या यंत्राला ०.००५ ओहम दिसणार कसे? चार तारांची केल्व्हिन पद्धत वापरावी लागते. दोन तारांतून १ अँपिअर सोडायचा आणि उरलेल्या दोन थेट शंटच्या टोकांना लावून मिलिव्होल्ट वाचायचे. ५ मिलिव्होल्ट आले म्हणजे ५ मिलिओहम. तारांचा आणि प्रोबच्या टोकांचा रोध या वाचनात येत नाही, त्यामुळे कच्चा सोल्डरही उघडा पडतो.

शंटवर द्रवरूप धातूचा थेंब लावण्याची सोपी रीत २०१६च्या जीटीएक्स १०८०च्या काळात गाजली. थेंबाने नेमका किती रोध घटतो हे आधी सांगता येत नाही. तो फार घटला, तर कार्ड सुरक्षा-अवस्थेत जाऊन अगदी मंद चालते. या धातूतला गॅलियम सोल्डरला खातो, असाही अनुभव सांगितला जातो.

वॉरंटी : बहुतेक ठिकाणी रद्द होते.