आज्ञा शिरसावंद्य, अंमल स्थगित : स्पॅनिश व इंग्रजी राज्यव्यवहारातील अनिच्छेची भाषा

राज्यव्यवहारात अनिच्छा क्वचितच उघड नकाराच्या रूपाने व्यक्त होते. समोरच्याचा मान राखून त्याची इच्छा टाळता यावी, यासाठी काही वचने रूढ होतात. स्पेन व इंग्लंड येथील अशा दोन वचनांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कॅस्टिलच्या मध्ययुगीन विधिपरंपरेतून आलेले ‘ओबेदेस्को, पेरो नो कुम्प्लो’ हे वचन स्पॅनिश अमेरिकेत रूढ झाले. ‘आज्ञा मानतो, परंतु अंमलात आणत नाही’ हा त्याचा अर्थ. अधिकारी राजाज्ञा मस्तकी धरून तिचा आदर करी आणि स्थानिक परिस्थिती कळवून फेरविचाराची विनंती करी. राजा जाणूनबुजून अन्याय करणार नाही, हे गृहीतक त्यामागे होते.

सम्राट पाचव्या चार्ल्सने १५४२ मध्ये जारी केलेल्या ‘नव्या कायद्यां’च्या वेळी या पद्धतीचे महत्त्व स्पष्ट झाले. मूलनिवासींना गुलाम करण्यास या कायद्यांनी मनाई केली. त्यांच्याकडून खंडणी व श्रम घेण्याचा ‘एन्कोमिएन्दा’ हा हक्क वारशाने देण्यासही बंदी घातली. मेक्सिकोत १५४४ मध्ये वसाहतवाल्यांच्या विरोधामुळे वादग्रस्त कलमे स्थगित ठेवून राजाकडे दाद मागण्यात आली. तेथे बंड झाले नाही. पेरूमध्ये मात्र व्हाइसरॉय ब्लास्को नुन्येस वेला याने कठोर अंमलाचा आग्रह धरला. गोन्सालो पिसारोने बंड पुकारले व १५४६ मध्ये कीतोजवळील लढाईत व्हाइसरॉय मारला गेला. तत्पूर्वीच, १५४५ मध्ये, वारसाबंदीचे कलम सम्राटाने मागे घेतले होते.

इंग्लंडमध्ये अनिच्छेची दिशा उलट होती. तेथे संसदेच्या विधेयकाला संमती नाकारताना राजसत्ता ‘विचार करू’ अशा अर्थाचे नॉर्मन फ्रेंच वचन वापरी. १७०८ मध्ये राणी अ‍ॅनने मंत्र्यांच्या सल्ल्याने स्कॉटिश मिलिशिया विधेयक असेच नाकारले. त्यानंतर ब्रिटिश संसदेच्या कोणत्याही विधेयकाला राजसंमती नाकारली गेलेली नाही.

दोन्ही वचनांत ‘नाही’ हा भाव सौजन्याने झाकलेला आहे. परंतु इंग्लंडमधील ‘विचार करू’ने विधेयकाचा शेवट होई, स्पॅनिश वचनाने आज्ञा जिवंत राहून केवळ निर्णय लांबणीवर पडे. या लवचीकतेमुळे दूरचे साम्राज्य टिकण्यास साहाय्य झाले, हे खरे. तथापि मेक्सिकोत टळलेल्या संघर्षाची किंमत वाटाघाटीत स्थान नसलेल्या मूलनिवासींनी चुकवली. म्हणून दप्तरातील विनम्र शब्द वाचताना, त्या विनयाचा लाभ कोणाला झाला आणि भार कोणावर पडला, हे तपासणे अभ्यासकांना अगत्याचे ठरते.