रिटायर फौजीची टोपी: जर्मनीच्या डोंगरावरून कामठीच्या छावणीपर्यंत

आजचा भाग एका टोपीबद्दल आहे. हेडफोन लावले असतील तर जरा डोळे मिटा. गडद निळ्या कापडाची टोपी. पुढे काळी चामड्याची पट्टी, आपल्या पोलिसांच्या पी-कॅपला असते तशी. कपाळावर दोन छोटे गोल बिल्ले, एकाखाली एक. वरचा काळा-पांढरा-लाल, खालचा नुसता काळा-पांढरा.

अशा टोप्या आज ऑनलाइन लिलावात दिसतात आणि विकणारा बिनधास्त लिहितो, ‘जर्मन आर्मी’. आता यातली गंमत ऐका. यातल्या बऱ्याच टोप्या आर्मीच्या नाहीतच. त्या आहेत रिटायर झालेल्या सैनिकांच्या मंडळांच्या. जर्मनीत त्यांना क्रीगरफेराइन म्हणायचे, म्हणजे लढवय्यांचं मंडळ. सैन्यातून घरी आलेला शेतकरी, सुतार, पोस्टमन रविवारी ही टोपी घालून मंडळात जायचा. कोणी सभासद वारला की बाकीचे टोप्या घालून जमायचे आणि बंदुकीच्या फैरी झाडून त्याला निरोप द्यायचे. या मंडळांची सुरुवातच मुळात यासाठी झाली. १७८६ मध्ये वांगेरिन नावाच्या गावात जुन्या शिपायांनी असं पहिलं मंडळ काढलं असं सांगतात. गरीब शिपायालाही इज्जतीने मूठमाती मिळावी, एवढीच अपेक्षा.

पुढे १८७१ मध्ये जर्मनी एक झाली आणि ही मंडळं गावोगाव उगवली. कायफहॉयझर नावाच्या डोंगरावर त्यांनी वर्गणी काढून ८१ मीटर उंचीचं स्मारक बांधलं, १८९६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मग सगळ्या मंडळांच्या महासंघाला त्या डोंगराचंच नाव मिळालं, आणि स्मारकाचं चित्र टोपीच्या बिल्ल्यावर आलं. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर या महासंघाचे सभासद होते सुमारे २८ लाख. विचार करा, २८ लाख!

म्हणून या टोप्या आजही भरपूर सापडतात, आणि सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या टोपीपेक्षा स्वस्त मिळतात. नवा संग्राहक इथूनच सुरुवात करतो. तो काय बघतो? बिल्ल्यांचे रंग. काळा-पांढरा म्हणजे प्रशिया, पांढरा-निळा म्हणजे बव्हेरिया. मग टोपी उलटी करतो. आत घामाची चामडी पट्टी, अस्तरावर टोपीवाल्याचं नाव आणि गाव. मग शिलाईवर अतिनील टॉर्च मारतो, कारण आजकालचा धागा त्या प्रकाशात बहुतेक वेळा निळसर चमकतो आणि जुना सहसा चमकत नाही. रेल्वेच्या, अग्निशामक दलाच्या टोप्याही साधारण अशाच दिसायच्या, त्यामुळे फसायला भरपूर वाव.

पण मला विचाराल तर टोपी खरी की खोटी यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. ही टोपी कोणाला घालू देत होते आणि कोणाला नाही?

जर्मनीत सरकार या मंडळांवर खूश होतं, कारण मंडळं राजनिष्ठ होती. समाजवादी पक्षाच्या माणसाला तिथे जागा नव्हती, त्याने सैन्यात किती का वर्षं काढली असेनात. आणि ज्यू सैनिक? पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून जवळपास १ लाख ज्यू लढले, सुमारे १२ हजार मेले. तरी ‘हे लोक लढाईतून पळाले’ अशी अफवा पसरवली गेली. शेवटी १९१९ मध्ये त्यांनी स्वतःची माजी सैनिक संघटना काढली. आम्ही लढलोय, हा आकडा बघा, हे नाव बघा, असं पुराव्यासकट सांगायला. नाझी सरकार आलं आणि १९३८ मध्ये ती संघटना संपली. त्याच वर्षी कायफहॉयझरवाल्यांच्या महासंघाला नाझी नाव चिकटलं. त्या काळातल्या बिल्ल्यावर स्वस्तिक दिसतं, म्हणून संग्राहक आधी साल विचारतो आणि मग किंमत.

आता तुम्ही म्हणाल, अरे, आम्ही मूलमध्ये बसलोय, धानाच्या बांधावर ऐकतोय, आम्हाला या जर्मन टोपीचं काय? सांगतो. नोकरी केली, लढलो, आणि नंतर तुमची गरज नाही म्हणून दार लावलं गेलं, ही गोष्ट मराठी मुलखात जर्मनीच्याही आधी घडली आहे.

कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ ला भीमा नदीकाठी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. तिथे नंतर उभारलेल्या स्तंभावर मेलेल्यांची नावं कोरली, त्यात २२ महार शिपायांची आहेत. पुढे सत्तरेक वर्षं हे चालू होतं. शिपाई भरती व्हायचा, हवालदार व्हायचा, कोणी सुभेदार व्हायचा. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्यातलेच. आणि मग १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ठरवलं की हिंदुस्थानात काही जाती ‘लढाऊ’ आहेत आणि काही नाहीत. महारांची भरती बंद!

कोकणात दापोलीला पेन्शनर शिपायांची मोठी वस्ती होती. तिथे गोपाळबाबा वलंगकर राहत होते, १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जुन्या शिपायांना घेऊन अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था चालवली आणि १८९४ मध्ये थेट लष्करप्रमुखांसाठी अर्ज तयार केला. मतलब साधा: आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, मग आता दार का बंद? हेही रिटायर सैनिकांचं मंडळच होतं, बरं का. फक्त याला राजाचा आशीर्वाद नव्हता, वर्गणीतून डोंगरावर स्मारक नव्हतं, निळी टोपी नव्हती. होता तो कागद.

दार लगेच उघडलं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. अशी मोकळी झालेली माणसं गावी येऊन गप्प बसली नाहीत. १९२७ च्या सुमारास समता सैनिक दल उभं राहिलं, त्यात कवायत शिकवायला जुने फौजी होते. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर तुम्ही ऑक्टोबरात गेला असाल, तर गर्दीला रांगेत लावणारे दलाचे स्वयंसेवक पाहिलेच असतील. बाबासाहेबांनी तिथे १६ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा दिली, नागपूरनंतर दोनच दिवसांनी. त्या शिस्तीची मुळं अशी छावणीपर्यंत जातात.

शेवटी दुसरं महायुद्ध लागलं. १९४१ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कुठे? आपल्या कामठीला. नागपूरच्या जरा पलीकडे, मूलहून सकाळी निघालं तर दुपारी पोचता येईल असं ठिकाण.

आणि आता टोपी. या नव्या रेजिमेंटच्या टोपीला बिल्ला हवा होता. दुसऱ्या बटालियनचे कॅप्टन मॉर्टलमन्स यांनी तो तयार केला. त्यावर काय? कोरेगावचा स्तंभ, आणि ‘महार’ हा शब्द. ज्यांना पन्नास वर्षांपूर्वी लढाऊ नाही म्हणून घरी पाठवलं होतं, त्यांच्या कपाळावर आता सरकारी पितळेत तोच पुरावा. वलंगकरांचा अर्ज बिल्ला होऊन आला, असं मी तरी समजतो.

१९४६ मध्ये ही रेजिमेंट मशीनगनची झाली आणि तिचं केंद्र कामठीला आलं. बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगन आडव्या-तिडव्या आल्या. पुढे स्तंभ काढून त्या जागी खंजीर बसवला गेला. संग्राहकाच्या दृष्टीने हे सोन्यासारखं आहे, कारण नुसता बिल्ला बघून काळ सांगता येतो. फक्त स्तंभ असेल तर युद्धकाळातला. स्तंभासोबत मशीनगन असतील तर १९४६ नंतरचा. खंजीर असेल तर त्याच्याही नंतरचा. दरवर्षी १ जानेवारीला रेजिमेंटचे निवृत्त जवान कोरेगावला स्तंभासमोर सलामी देतात, तेव्हा त्यांच्या टोप्यांकडे नीट बघा. कपाळावर खंजीर असतो.

आता कामाचं बोलू. विदर्भात घरोघरी अशा ट्रंका आहेत. आजोबा किंवा पणजोबा फौजेत होते, ट्रंकेत टोपी, बिल्ला, पेन्शनचं पुस्तक. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक निघते आणि पितळ किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जातं. जर्मनीत गावच्या क्लबची साधी टोपी शंभर वर्षं जपली जाते, आणि आपल्याकडे स्तंभवाला बिल्ला तराजूत पडतो. मला याचा राग येतो, लपवत नाही.

तुमच्याकडे असा बिल्ला निघाला तर पहिली गोष्ट, त्याला पीतांबरी लावू नका. चिंचही नको. घासलं की अक्षरांची धार जाते आणि जुनेपणाही. टोपीत डांबर गोळ्या थेट टाकू नका, कापडावर डाग पडतात. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. फोनने पुढचा आणि मागचा, दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मागे टाचणी आहे की कडी, तेही दिसू द्या.

दुसरी गोष्ट, आधी नक्की करा की ती खरी फौजेतलीच आहे. आपण झाडीपट्टीत राहतो. इथे मंडईच्या सीझनला नाटकांचा धडाका असतो, आणि ड्रेपरीवाल्याची इन्स्पेक्टरची टोपी कोणाच्या घरी राहून गेली असेल तर नातवाला ती आजोबांची वाटू शकते! अस्तर बघा, शिक्का बघा, पेन्शनच्या पुस्तकातल्या पलटणीशी बिल्ला जुळतो का बघा.

तिसरी गोष्ट, सैनिकाची टोपी जपून ठेवणं वेगळं, आणि ती घालून ‘मी फौजी आहे’ असं भासवणं वेगळं. दुसरा प्रकार गुन्हा आहे. रीलसाठी म्हणून केला तरी भानगड होऊ शकते.

आणि फोटो काढून झाला की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा: आजोबा कुठे भरती झाले होते? पलटण कोणती? परत आले तेव्हा गावात कोणी बाजूला बसवून घेतलं का? बिल्ल्यावरून साल कळेल, पण ही शेवटची गोष्ट फक्त त्यांनाच माहीत असते.