धानाच्या बांधीतलं नेचं

फुलचूरला आमची एक बांधी होती. आता तिथे ले-आऊटचे दगड रोवलेत. रोवणी झाली की धुऱ्याच्या कडेला चार पानांचं एक तण पाण्यावर डोकं काढायचं. शाळेत असताना मी ते नशीबवान क्लोव्हर समजून वहीत दाबून ठेवलं होतं. बाबांच्या लेखी ते निंदून फेकायचं. ते क्लोव्हर नव्हतंच. ते नेचं, म्हणजे फर्न. ना फूल, ना बी. नाव मार्सिलिया. शेजारच्या छत्तीसगडात त्याला चुनचुनिया म्हणतात आणि भाजी करून खातात.

हे नाव बोलोन्याच्या लुइजी मार्सिलीवरून आलं. गडी सैनिक, 1683 मध्ये तुर्कांच्या हाती लागला, गुलाम म्हणून विकला गेला, सुटला आणि निसर्गविज्ञानात रमला.

1753 मध्ये लिनियसने मार्सिलिया या एकाच प्रजातीत, म्हणजे एकाच आडनावाखाली, दोन वनस्पती टाकल्या: एक ही चारपानी, दुसरी पाण्यावर तरंगणारी. पुढच्यांना ते पटलं नाही. 1785 मध्ये आलिओनीने तरंगणारीला सल्विनियात हलवलं. त्याचंही बरोबरच होतं. एक चिखलात मुळं रोवते, दुसरीला खरी मुळंच नाहीत. पण दोघींत एक गोष्ट सारखी: लहान नर बीजाणू वेगळे, मोठे मादी बीजाणू वेगळे. बहुतेक नेच्यांत बीजाणू एकाच प्रकारचे असतात. मग या दोघी एकाच पूर्वजाच्या, की वेगवेगळ्या वाटांनी पाण्यात उतरल्या? बऱ्याच जणांचं मत दुसऱ्या बाजूला होतं.

1994 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टाच्या एका जीवाश्मात, हायड्रोप्टेरिसमध्ये, दोन्ही घराण्यांची लक्षणं एकत्र दिसली. त्याच सुमारास डीएनएनेही तेच सांगितलं. 2016 च्या वर्गीकरणात दोन्ही कुळं सल्विनिएलीज या एकाच गणात आहेत. लिनियसची प्रजाती परत आली नाही, नातं मात्र आलं. 241 वर्षं मर्ज पेंडिंग! आमच्या टीममध्ये दोन दिवस राहिला तरी मॅनेजर फोन करतो.

या गोष्टीत आपला माणूसही आहे. पुढे पुणे विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग सांभाळणारे टी. एस. महाबळे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलां इथे लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या सल्विनियाच्या जीवाश्माबद्दल त्यांनी 1950 मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं. ते खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे आपल्या भागात तळी होती, त्यांत हे नेचं होतं, आणि माणूस यायचा होता.

मार्सिलियाचे बीजाणू मुगाएवढ्या टणक डबीत असतात. बांधी भेगाळली तरी डबी वर्षानुवर्षं टिकते. मे महिन्यात उरलेल्या धुऱ्यातून मी काही उकरून आणल्या. एकीला नेलकटरने टवका पाडून पाण्याच्या ग्लासात टाकली. अर्ध्या तासात आतून जेलीसारखी दोरी बाहेर आली, तिला बीजाणूंच्या पिशव्या लटकलेल्या. बाबा चष्मा लावून बघत बसले.