हंसस्तूपाच्या गावी

शाळेत चालुक्यांचा धडा आला की आमच्या गुरुजींचा आवाज चढत असे. हर्षासारख्या चक्रवर्त्याला नर्मदेवर अडविणारा दुसरा पुलकेशी आणि त्याच्या पाठोपाठ तो चिनी प्रवासी. महाराष्ट्रातली माणसे साधी पण ताठ मानेची, उपकार न विसरणारी आणि अपमान न गिळणारी आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे हे ऐकून आम्ही चाळीस पोरे छाती फुगवून बसत असू. परक्याने केलेली स्तुती, तिच्यात खोट ती कशी असणार! पुढे हेच प्रशस्तिपत्र मी कितीतरी भाषणांतून आणि प्रस्तावनांतून ऐकले, वाचले, एक-दोनदा स्वतःही वापरले. पण ते कोठे लिहिले गेले, कोणासाठी लिहिले गेले, हे विचारावे असे मला कधी वाटले नाही. उतारवयात शीआन शहरी जाण्याचा योग आला तेव्हा कुठे तो प्रश्न मनात उभा राहिला.

शीआन म्हणजे जुने चांग-आन, तांग सम्राटांची राजधानी. ह्युएन-त्संग येथूनच इ.स. ६२९ च्या सुमारास, परदेशगमनाची बंदी मोडून, चोरून निघाला आणि ६४५ मध्ये येथेच परतला. परतला तेव्हा त्याला पाहायला रस्त्यांत माणूस मावत नव्हते. घोड्यांवर लादून आणलेले ६५७ ग्रंथ, बुद्धाच्या मूर्ती आणि धातू त्याच्याबरोबर होते. ही गाठोडी याहून मोठी असायची, पण सिंधू ओलांडताना नाव डळमळली आणि सुमारे पन्नास पोथ्या नदीने घेतल्या. तो स्वतः हत्तीवरून पलीकडे गेला होता.

मी आगगाडीने रात्री पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तट पाहायला गेलो. तट मोठा देखणा आहे. १३.७ किलोमीटरचा फेरा, बारा मीटर उंची आणि वर एवढी रुंदी की माणसे भाड्याने सायकली घेऊन फिरतात. माझ्याबरोबर तिथलीच एक मुलगी होती. विद्यापीठात हिंदी शिकलेली, आणि तिकडच्या रीतीने मला आजोबा म्हणणारी. "हेच का चांग-आन?" असे मी तिला विचारले. ती हसून म्हणाली, "नाही आजोबा, हे मिंगांचे. चांग-आनच्या मानाने हे फक्त अंगण."

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. हा तट चौदाव्या शतकातला, इ.स. १३७० ते १३७८ च्या दरम्यान बांधलेला. तांगांचे चांग-आन याच्या सुमारे सातपट होते. चौरस आखलेले, शंभराहून अधिक भिंतबंद मोहल्ल्यांचे, दहा लाख वस्तीचे ते नगर. त्याचे काय झाले? इ.स. ९०४ मध्ये चू वन नावाच्या सेनापतीने सम्राटाला लोयांगला हलविले आणि राजवाडे, घरे मोडून त्यांचे लाकूड वेई नदीत सोडून वाहवत नेले. जगातली एक थोर राजधानी तुळया-वाशांच्या रूपाने पाण्यावरून गेली! आपल्याकडे हंपी जाळली-फोडली गेली, पण दगड जागेवर राहिले. लाकडाच्या शहराचे भग्नावशेषही राहत नाहीत.

मातीच्या सैनिकांची फौज मी पाहिली. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडली ती. प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे हे खरे, आणि तिथली गर्दी सैन्याहून मोठी आहे हेही खरे. तिच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी लिहीत नाही.

मला ओढ होती ती मोठ्या हंसस्तूपाची. आज तो तटाच्या बाहेर, दक्षिणेला उभा आहे. तांगांच्या काळी मात्र तो शहराच्या पोटात होता, यावरूनच शहर किती आकसले याची कल्पना यावी. भोवती कारंजी, दुकाने, समोर ह्युएन-त्संगाचा भला मोठा पुतळा आणि भाड्याने घेतलेले तांगकालीन झगे घालून छायाचित्रे काढून घेणाऱ्या तरुणी. या थाटामध्ये तो सात मजल्यांचा विटकरी मनोरा किंचित कललेला, आपल्याच विचारात असल्यासारखा दिसतो. नावाची एक उपपत्ती खुद्द ह्युएन-त्संगाच्या ग्रंथातच आहे. मगधात त्याने हंसस्तूप पाहिला होता. भुकेल्या भिक्षूंपुढे आकाशातून एक हंस पडला, त्यांनी तो खाल्ला नाही, मांस सोडले आणि त्या पक्ष्यावर स्तूप उभारला, अशी ती कथा. मगधातले हे नाव एवढ्या दूर येऊन रुजले आहे.

मी मनोऱ्यासमोर हात जोडले. मनात म्हटले, येथे बसून या माणसाने माझ्या मुलखाचे वर्णन लिहिले. आणि मग आत लावलेल्या फलकावरील सनावळी त्या मुलीने वाचून दाखविली. विहार ६४८ चा, राजपुत्राने आईच्या स्मरणार्थ बांधलेला. स्तूप ६५२ चा. प्रवासवृत्तांत तर ६४६ मध्येच पुरा झाला होता! तो लिहिला गेला होंग-फू नावाच्या दुसऱ्याच विहारात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो विहार आज उभा नाही. भलत्याच दारात नमस्कार घडला, दुसरे काय!

तरीही सनावळीने एक गोष्ट मनात आणून दिली आणि ती मला रात्रभर सोडीना. ह्युएन-त्संग महाराष्ट्रात आला तो ६४१ च्या सुमारास. ६४२ च्या आसपास पल्लवांनी वातापी घेतली आणि पुलकेशी पडला. म्हणजे ज्या राजाला हर्षही नमवू शकला नाही असे चांग-आनमध्ये कागदावर उतरत होते, तेव्हा तो राजा जिवंत नव्हता आणि त्याची राजधानी शत्रूच्या हाती होती. लिहिणाऱ्याला याची वार्ता पोहोचली होती असे त्याच्या लेखनावरून दिसत नाही. आमच्या गुरुजींनीही आम्हाला ती कधी सांगितली नाही.

आणि लिहिले कोणासाठी? सम्राट ताय-त्सुंगासाठी. त्याला पश्चिमेकडच्या देशांची माहिती हवी होती. या भिक्षूने चीवर उतरवून दरबारात यावे असा त्याचा आग्रह होता. भिक्षूने नकार दिला आणि बदल्यात १३८ देशांचे हे पुस्तक दिले. आता ते वर्णन राजाच्या कानांनी ऐकून पाहावे. कोणत्या देशात किती हत्ती, सेनापती हरला तर त्याला शिक्षा न करता बायकांची वस्त्रे कशी देतात, शेकडो योद्धे दारू पिऊन रणात कसे उतरतात आणि हत्तींनाही कशी पाजतात. हा दारूचा भाग गुरुजींनी वगळला होता. एरवी वर्गात हशा आवरता ना. मला वाटते, ज्याला आपण प्रशस्तिपत्र म्हणतो ते निम्मे तरी एका चक्रवर्त्याला दिलेले, दूरच्या शेजाऱ्याच्या बळाचे टिपण होते. म्हणून ते खोटे ठरत नाही. उलट अधिक विश्वासार्ह ठरते. पण ते आपल्याला उद्देशून नव्हते. ज्याने हे तोंडी ऐकून लिहून काढले तो शिष्य प्येन-ची पुढे एका राजकन्येशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून मारला गेला, असे चिनी इतिहासग्रंथ सांगतात.

स्तूप बांधला तो भारतातून आणलेल्या पोथ्यांना आगीचे भय नको म्हणून. स्वतः ह्युएन-त्संग पन्नाशीत विटा-मातीच्या टोपल्या वाहत होता. मी वरपर्यंत चढलो. आज तेथे त्या पोथ्यांपैकी एकही नाही. मूळ स्तूप पाच मजली होता. पन्नास वर्षांत तो नव्याने बांधावा लागला, पुढे भूकंप झाले, त्यावर मिंगांनी विटांचे कवच चढविले. ज्या वस्तूसाठी पेटी केली ती वस्तू गेली आणि पेटी राहिली. राहिली ती भाषांतरे. एकोणीस वर्षांत सुमारे ७५ ग्रंथ, १३३५ गुंडाळ्या. ६६४ मध्ये हा माणूस गेला तो जवळजवळ लेखणी हातात घेऊनच. 'महाविभाषा' हा प्रचंड ग्रंथ संस्कृतात आज नाही, चिनीत आहे. त्याने वैशेषिकांचे 'दशपदार्थशास्त्र'ही उतरविले. बौद्ध भिक्षूने विरोधी पक्षाचा ग्रंथ! तोही आपण गमावला आणि चिनीने सांभाळला.

शिलालेखांच्या संग्रहालयात एक दुपार काढली. इ.स. १०८७ पासून जमविलेल्या शिळांचे ते रान आहे. ७८१ ची नेस्तोरी ख्रिस्त्यांची शिळा तेथे आहे, कमळावर क्रूस कोरलेली, कडेला सीरियाची लिपी. तिच्यापासून थोड्या अंतरावर ताय-त्सुंगाने ह्युएन-त्संगाच्या भाषांतरांना लिहिलेली प्रस्तावना, एका जुन्या थोर सुलेखनकाराची अक्षरे वेचून ६७२ मध्ये कोरलेली. शिळेवर ओला कागद चिकटवून शाईची गादी आपटण्याचा टप्-टप् आवाज मधूनच कानी येतो.

संध्याकाळी मुसलमानी मोहल्ल्यात जेवलो. त्या मुलीने मला पाव-मो नावाच्या पदार्थापाशी नेले. दोन घट्ट, चपट्या भाकऱ्या आणि एक रिकामा वाडगा पुढे येतो. भाकरी आपण हातांनी कुस्करायची, वाडगा आत पाठवायचा, मग आचारी ती बोकडाच्या रश्शात शिजवून, शेवया आणि मांस घालून परत धाडतो. माझे तुकडे पाहून शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मान हलविली आणि माझ्याच वाडग्यातला एक तुकडा उचलून चण्याएवढा करून दाखविला. मी पुन्हा कुस्करू लागलो. रश्शात भाकरी चुरणे ही विद्या देशावरच्या माणसाला शिकवावी लागावी! पण खरेच, बारीक चुरलेल्या भाकरीत रस मुरतो तो वेगळा. सोबत गोड मुरवलेला लसूण होता. त्याच्या पाकळ्या मी एकट्याने संपविल्या.

जेवताना मी तिला महाराष्ट्राचे ते प्रकरण सांगितले. पूर्वेच्या डोंगरातला विहार, अचल अर्हताने करविलेला, उंच बुद्धमूर्ती, आणि दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती. हे वर्णन अजिंठ्याचे, असे विद्वानांनी ठरविले आहे; तेथील सव्विसाव्या लेण्याच्या लेखात अचलाचे नाव आहे. त्या हत्तींविषयी ह्युएन-त्संगाने ऐकीव गोष्ट नोंदविली होती, की ते अधूनमधून गर्जना करतात आणि जमीन हादरते.

तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"ते हत्ती अजून आहेत?"

"आहेत. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी, दोन्हीही."

"आणि गर्जना?"

"मी तीनदा गेलो आहे," मी म्हटले, "तिन्ही वेळा गप्प होते."

शेजारच्या गृहस्थांना तिने ही हकिकत चिनीत सांगितली. ते बराच वेळ हसले, मग आपल्या ताटलीतला उरलेला लसूण त्यांनी माझ्याकडे सरकविला.