श्रोत्याची जात आणि गीताची प्रतिष्ठा

१९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशांनी तमाशाचाच साचा प्रबोधनाकडे वळविला. त्यातून वाढलेली भीमगीते आजही पुष्कळांना गोंगाट वाटतात. कारण मत बनते ते ऐकणाऱ्याची जात पाहून. २०१५ साली शिर्डी येथे भ्रमणध्वनीवर आंबेडकरस्तुतीचे गीत वाजल्यावरून तंटा होऊन एका दलित तरुणाचा खून झाला. तत्पूर्वी २०१२ साली अमेरिकेतील जॅक्सनव्हिल येथे मोटारीतील रॅप संगीताच्या आवाजावरून वाद होऊन एका गोऱ्या इसमाने सतरा वर्षांच्या कृष्णवर्णी मुलास गोळ्या घालून ठार केले. दोन्ही ठिकाणी गीत हे निमित्त होते. श्रोत्याविषयीचा ग्रह जुनाच होता.

१४ जानेवारी १९९४ रोजी येथील मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव जोडले गेले. दरवर्षी त्या दिवशी प्रवेशद्वारापाशी भीमगीते घुमतात. त्यांची पारख करताना अभ्यासकाने श्रोत्यांविषयीचा आपला ग्रह आधी तपासला पाहिजे.